दोन्हीकडची चौकशी

"गोदा, मूल हातात द्यायच्या आधी त्या हातांची चौकशी करायची. आणि चोरून नाही करायची. जिची करायची, तिला तोंडावर सांगून करायची."

मथुराबाई जाऊन बरीच वर्षं झाली, तरी नवी बाई ठेवायची वेळ आली की हा आवाज कानात येतो. काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी त्यांनी लांज्याला पाळणाघर काढलं, ते आता मी बघते. मला ठेवण्याआधी त्या आंजर्ल्याला माझ्या माहेरी जाऊन आल्या होत्या. आल्या त्या मला म्हणाल्या, "रागीट होतीस म्हणे. आता उपासतापास करतेस, ते चांगलं. पण उपाशी माणूस चिडतं. मुलांवर चिडायचं नाही." इतक्या आपुलकीनं माझ्याबद्दल कोणी कधी विचारलं नव्हतं.

यंदा आमची मालन मुलाकडे मुंबईला गेली आणि तिच्या जागेसाठी हर्ण्याची शमिका आली. पोलिसांचा दाखला सोबत होता, स्वच्छ होता. पण दाखला गुन्ह्याचं सांगतो. मूल रडायचं थांबेना की बाई काय करते, ते दाखल्यात येत नाही.

पाळणाघराचे अध्यक्ष गुरुप्रसादभाऊ म्हणाले, "गोदाताई, आता वेळ घालवू नका. सकाळीच देवीला कौल लावला. उजवा दिलान."

देवीच्या अंगाला पाकळ्या लावून मनातलं विचारायचं, उजवीकडची आधी पडली की होकार. कौल मीही लावते. तरी म्हटलं, "भाऊ, जे माणसांना विचारून कळतं, त्यासाठी देवीला कशाला तसदी?"

"म्हणजे देवीपेक्षा तुम्ही शहाण्या?"

"नाही हो. तिनंच पाय दिलेत, ते चालवते."

भाऊ हसले. "तुमच्याशी भांडायचं म्हणजे आधी आवाज खाली आणायला शिकलं पाहिजे."

शमिकाला समोर बसवून सांगितलं, "बाळ, तू आधी जिथं होतीस तिथं मी विचारणार आहे."

तिचा चेहरा उतरला. तरी दापोलीच्या त्या घराचा नंबर तिनं आपणहून दिला. "काकू, तिथं वाईट ऐकाल. त्यात खोटं काही नसेल. पण ते सगळं नसेल."

"मग सगळं कोण सांगेल?"

"मी सांगितलं तर ते माझंच होईल. हर्ण्याला भागूबाईंना विचारा. संध्याकाळी मासळीच्या लिलावाला असतात. पण गोड बोलायच्या नाहीत हां."

"त्यांना विचारल्याशिवाय मी काही ठरवणार नाही," मी म्हटलं.

भाऊंच्या समोरच दापोलीला फोन लावला. पलीकडच्या बाई एकदम म्हणाल्या, "ती? आम्ही घरात नसताना बाळाला उचलून घेऊन गेली! उंबरा ओलांडायचा नाही म्हणून बजावलं होतं. येऊन बघतो तर दार उघडं, बाळ नाही. अशीच्या हातात मुलं देणार तुम्ही?"

मी फोन ठेवला.

"संपलं," भाऊ म्हणाले. "दुसरी बघू."

"आणि उजवा कौल?"

"विचारताना माझंच काही चुकलं असेल," म्हणून ते चपला घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी हर्णे गाठलं. नेमकी संकष्टी होती. पुळणीवर मासळीचे ढीग, बोली चढत होती, आणि सगळ्यांच्या वर एका बाईचा आवाज. त्याच भागूबाई.

"लांब उभ्या राहिलात तर लुगड्याला वास लागायचा नाही, पण मला ऐकूही यायचं नाही," त्या ओरडल्या. "जवळ या!"

मी शेजारी बसले. शमिकाबद्दल विचारायला आलेय म्हटल्यावर त्यांनी मान वळवली. "कोण करतोय लग्न?"

"लग्न नाही. नोकरी आहे. मुलं सांभाळायची."

"मग लग्नापेक्षा नीट विचारा."

शमिका बाळाला घेऊन बाहेर पडली त्या दिवशी भागूबाई दापोलीत मासळी विकून स्टँडकडे येत होत्या. "ही पोर रस्त्यात अनवाणी. कडेवर बाळ, तापानं डोळे फिरवलेलं. आईबापाचा फोन लागेना. मी रिक्षा थांबवली, दोघी डॉक्टरकडे धावलो. बाळ शुद्धीवर आलं. आणि आईबाप आले ते आधी दारावरून भांडले. कुलूप लावायचं राहिलं होतं."

"ते तिचं चुकलं का?"

"चुकलं तर. मी कशाला झाकू? कडी तरी घालायची."

मला बाई फार आवडल्या. शमिकाचं वाकडं झालेलं नाव सरळ करायला आलेली संधी, आणि त्यातही त्यांनी तिची चूक गाळली नाही.

मग त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आता माझं ऐका. हिची आई जाताना माझा हात धरून म्हणाली, पोरीला कुठं धाडशील तर आधी बघून ये. मी कबूल केलं. आणि दापोलीला नुसता बंगला बघून गप्प बसले. तुमच्याकडे मुलांना काय खायला घालता, बायकांना सुट्टी देता की नाही, हे कुणी विचारलंय?"

"तुम्ही विचारा ना. या लांज्याला."

"येणार तर! तुमच्या शेजारणींना विचारणार. आधीच सांगून ठेवते."

रात्री आंजर्ल्याला भावाकडे राहिले. सकाळी गणपतीला दूर्वा वाहिल्या आणि दापोलीत त्या डॉक्टरांना गाठलं. "वेळेवर आणलं म्हणून बाळ वाचलं," ते म्हणाले. "त्या मुलीला पुन्हा भेटलात तर मी आठवण काढली म्हणून सांगा."

स्टँडवरून भाऊंना फोन केला. "शमिकाबद्दल माझी खात्री झाली. पण नेमणुकीचं पत्र आज नको. अजून एक चौकशी बाकी आहे."

"आता कोणाची?"

"आपली."

भाऊ मग म्हणाले, "स्वयंपाकघर झाडून घ्यायला सांगतो."

लांज्यावरून जाणाऱ्या राजापूरच्या गाडीत चढले तर भागूबाई आधीच येऊन बसल्या होत्या. मासळीची पाटी घरी ठेवून, धुतलेलं लुगडं नेसून. अख्ख्या लिलावाच्या वर चढणारा तो आवाज आज नव्हता. कंडक्टर आला तेव्हा त्यांनी हळूच "लांजा" म्हटलं, माझ्यासाठी खिडकीकडे सरकून जागा केली आणि पदर सावरून समोर बघत बसल्या.