शनिवारच्या माश्या

मी संशयी माणूस नाही. लोकच असे वागतात की डोळे उघडे ठेवावे लागतात.

छप्पन्न साली आम्ही कोपरला काळुरामच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. मी डोंबिवलीच्या शाळेत मास्तर. त्या वर्षी कल्याणला मधमाश्या पाळायचा आठ दिवसांचा वर्ग भरला होता, तो मी केला आणि सातेरी माश्यांची एक पेटी घेऊन आलो. परसात शेवग्याखाली ती चार पायांच्या घोडीवर ठेवली, मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. माझी बायको हेमा म्हणाली, "घरात एक चावणारा होता, तो पुरे नव्हता का?"

सातेरी माश्या स्वभावाने गरीब. रोज संध्याकाळी शाळेतून आलो की चहा घेऊन मी पेटीकडे जायचो. उघड्या हाताने चौकट वर काढायचो, माश्या बोटांवरून चालत जायच्या, पण कधी डंख नाही.

शनिवारी मात्र त्या अंगावर यायच्या. पहिल्या शनिवारी हाताला तीन डंख बसले, दुसऱ्या शनिवारी कानाला. तिसऱ्या शनिवारी मी झाकणाला हातही लावला नव्हता, तरी पेटीच्या दारावरच्या माश्या गरगरत उठल्या आणि थेट तोंडावर आल्या. रविवारी त्याच माश्या पुन्हा शहाण्यासारख्या. माश्यांना वार कळत नाही, एवढं मला कळत होतं. म्हणजे शनिवारी कोणीतरी काहीतरी करत होतं.

पहिला संशय हेमावर. ती केरसुणीने पेटी ठोकत असेल असं मला वाटलं. तिने माझ्या सुजलेल्या कानाला चुना लावला आणि जरा जोरातच लावला. "मला तुमच्या माश्यांच्या खोड्या काढायला वेळ आहे का?" ती म्हणाली. तिचा राग खरा होता, म्हणून तिला सोडलं.

मग कुंपणापलीकडे लक्ष गेलं. तिथे एका झोपडीत बायजा राहायची. काळुरामची चुलती, साठीची आगरी बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एक शेळी आणि केळीचं एक बेट, एवढाच तिचा संसार. शेळीवर तिचा फार जीव. दर शनिवारी दिवेलागणीला ती मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या त्या शेळीवरून उतरवून चुलीत टाकायची. शेळीची दृष्ट काढणारी बाई मी तेवढी एकच पाहिली. तो धूर सरळ माझ्या परसात यायचा.

झालं! वार जुळला, वेळ जुळली. आणि ही बाई दर शुक्रवारी आमच्याकडे पिकलेली केळी पाठवायची. "गुरुजींचा शनवार असतो ना," म्हणायची. एवढा गोडवा कशासाठी, हाही मला संशयच होता. केळी मी खायचो, ती गोष्ट वेगळी. शनिवारी संध्याकाळी उपासाने पोटात आग पडली की दोन केळी दुधात कुस्करून खायचो आणि पेटीकडे जायचो.

मी काळुरामला गाठलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गुरुजी, म्हातारी तशीच हाय," तो आवाज खाली आणून म्हणाला. "गावात पन बोलतात लोक. तुमी शिकलेले. दोन वली लिवून द्या, पंचांना दाखवतो."

मी दोन नाही, अकरा ओळी लिहिल्या. माझं अक्षर शाळेत नावाजलेलं होतं. 'सदर बाई करणीसारखे प्रकार करते, तिच्या धुरामुळे भाडेकरूंच्या जिवास धोका आहे, तिला येथून हलवावे.' खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

आठवड्याच्या आत बायजाला शहाडला तिच्या भाच्याकडे धाडलं. जाताना ती आमच्या दाराशी आली, हेमाला म्हणाली, "येतंय गो." मी आतच बसून राहिलो.

पुढचे दोन शनिवार एकही डंख नाही. मी हेमाला दोन्ही वेळा ते बोलून दाखवलं.

मग बुधवारी एकादशी आली. बायजा गेल्यापासून घरात केळी नव्हती, ती आता बाजारातून आणावी लागली. ती खाल्ली, पेटीपाशी गेलो आणि मनगटावर सहा डंख घेऊन धावत आलो. धूर नाही, शनिवार नाही, बायजा नाही. नांगी खरवडून काढताना मनगट नाकाजवळ आलं. पिकलेल्या केळ्याचा वास येत होता. हाताला लागलं असेल म्हणून साबणाने हात धुतला. तेवढ्यात केसांत अडकलेली एक माशी त्याच धुतलेल्या हाताला डसली. पुन्हा तोच वास.

वास डंखाचाच होता, आणि दर शनिवारी तोच तोंडाला लावून मी पेटीकडे जात होतो. मी झोपडीकडे गेलो. झोपडी नव्हतीच. केळीचं बेट तोडून टाकलं होतं, आणि काळुराम उभा राहून नव्या खोल्यांचा पाया खणून घेत होता. "या गुरुजी," तो हसून म्हणाला. सगळ्या जगावर संशय घेतला मी, फक्त ज्याला माझं म्हणणं लगेच पटलं त्या एका माणसावर घेतला नाही.

रविवारी शहाडला गेलो. बायजा भाच्याच्या पडवीत बसली होती. शेळी विकली होती. मी डंख, वास, केळी, सगळं एका दमात सांगितलं.

"तां तं खराच," ती म्हणाली. "माझा दादला खारीवं मधाचा मोहोल काराला जायचा, त्या दिशी आमी घरान पिकल्या केल्यांचा घड नाय आनायचो. माशी डसली का तोच वास सुटतो, मंग बाकीच्या धावून येतान. पन तुमी खाऊनशी पेटीजवल जाता, तां मना काय म्हाईत?"

"मला विचारायला हवं होतं," मी म्हणालो.

ती उठली. आत गेली आणि एक घडी घातलेला कागद घेऊन आली. लग्न होऊन आल्यापासून ती त्या झोपडीत राहिली होती, ती झोपडी कशासाठी सुटली हे तिला कोणी धड सांगितलंच नव्हतं. पंचांनी कागद तिच्या हातात दिला आणि जा म्हणाले.

"भाच्याला वाचता येत नाय," ती म्हणाली. "तुमी आलात बरा झाला. काय लिवलंय तां जरा मोठ्यानं वाचा."

मी कागद उलगडला. अकराच्या अकरा ओळी वाचल्या, आणि त्यांच्याखालचं नावही.