भलत्याच बेटावर

पद्माकररावांना खरं तर ग्रीसला जायचं होतं. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकीने, रेवतीने, क्रूझ ठरवली होती. रोज नवं बेट, रोज उतरून हिंडायचं. त्यासाठी ते आणि चित्राताई फेब्रुवारी २०२० मध्ये साताऱ्याहून आयर्लंडमध्ये, एनिस गावी तिच्या घरी आले आणि मार्चमध्ये सगळं बंद झालं. क्रूझ रद्द, परतीचं विमानही रद्द. मुक्काम लांबत गेला. दीड वर्षाने परतीची तिकिटं हाती आली तेव्हा रेवती म्हणाली, ग्रीस राहिलं, निदान इथलं एखादं बेट तरी बघून जा.

डूलिनच्या बंदरातून बोट सुटली. समुद्र खवळलेला होता. चित्राताईंना मळमळायला लागलं म्हणून रेवती आणि जावई मकरंद त्यांना घेऊन खाली बसले. पद्माकरराव वरच्या डेकवर राहिले. बोट एकदा थांबली, माणसं उतरली, कर्ण्यावरून कुणीतरी काही सांगितलं, ते वाऱ्यात गेलं. बोट पुन्हा हलली. पुढच्या धक्क्यावर सगळेच उतरायला लागले तसे तेही उतरले.

घरचं कुणी दिसेना. सगळे चेहरे मास्कमागे. हिरवी शाल बघून त्यांनी एका परक्या बाईला "चित्रा" म्हणून हाकही मारली. तोवर बोट निघून गेली, आणि त्यांचा फोन चित्राताईंच्या पर्समध्ये.

पुढे गेले असतील, असं म्हणून ते चालू लागले. किनाऱ्यावर एक गंजकं जहाज पडलंय, तिथे डबा खायचा, असं ठरलं होतं. पण वाट सरळ जाईना. दोन्हीकडे छातीइतक्या दगडी भिंती आणि त्यांत ओसरीएवढाली शेतं. जमीनमोजणीत नोकरी काढलेला हा माणूस. पण कुठली भिंत मघाशी मागे टाकली, तेच त्यांना कळेना. एका तपकिरी घोड्यापाशी ते दुसऱ्यांदा पोचले. का तो घोडाच दुसरा होता?

एक म्हातारा, मास्क न लावताच, भिंतीचे पडलेले दगड रचत होता. त्याला त्यांनी जहाजाचं विचारलं.

"युवर मॅन इज ऑन द अदर आयलंड," म्हातारा म्हणाला.

पद्माकररावांना घाम फुटला. माझा माणूस? मकरंद? याला कसं ठाऊक? आणि मग चित्रा कुठे? त्यांनी प्रश्नांचा भडिमार केला. म्हाताऱ्याने न कंटाळता उत्तरं दिली, त्यातली निम्मी त्यांना लागली नाहीत. बऱ्याच वेळाने उलगडा झाला, की इकडे 'युवर मॅन' म्हणजे नुसतं 'तो', आणि तो म्हणजे जहाज. जहाज इनिशीर बेटावर होतं. हे इनिशमान. म्हाताऱ्याने तिकडे कुणालातरी फोन लावला आणि मग पद्माकररावांना सांगितलं, एक बाई बोटीने इकडे निघाली आहे.

धक्क्यावर उतरल्या त्या चित्राताई. सोबत कुणी नाही, हातात डब्याची पिशवी, मास्क हनुवटीखाली ओढलेला. साताऱ्याहून पुण्यालाही कधी एकट्या न गेलेल्या.

"एकटी आलीस?"

"रेवती-मकरंद तिकडे थांबलेत. तुम्ही तिकडे पोचलात तर कुणीतरी हवं ना."

ते दोघं कठड्यावर बसले. आपण इनिशीरला उतरायचे राहिलोच कसे, हे त्यांना अजून उमगत नव्हतं.

"अहो, मकरंद जिन्यातून ओरडला, आम्ही उतरतोय, या मागून. तुम्ही त्याच्याकडे बघून मान डोलावलीत."

"मी?"

त्यांनी आठवून पाहिलं. लाटा आठवल्या, पक्षी आठवले. मकरंदही आठवला, नुसते डोळे आणि खाली निळा मास्क. तो काय बोलला, ते मात्र नाही. मग हळूच म्हणाले, "ओठ दिसले नाहीत की मला काही कळत नाही गं. दीड वर्ष मी नुसती मान डोलावतोय."

दवाखान्यात, दुकानात, रेवतीच्या मैत्रिणींपुढे हे नुसते हसायचे, ते चित्राताईंना आठवत असावं.

"मग सांगायचं नाही?" त्या म्हणाल्या.

"आधी मलाच कळलं नाही, की कान गेलेत का लोकच हळू बोलतात."

परतीच्या बोटीला दोन तास होते. चित्राताईंनी डबा उघडला. पराठा त्यांच्या हातात देऊन, त्यांच्याकडे तोंड वळवून, एकेक शब्द सुटा करत त्या म्हणाल्या, की घरी गेल्यावर आधी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. पद्माकररावांनी तो शब्द न् शब्द ऐकला.