जुने सर गेले

पहिल्याच दिवशी नव्या कोचबाईंनी क्लबच्या सेक्रेटरींना विचारलं, "आधीचे हेड कोच कुठे भेटतील? एकदा बसून मुलांची माहिती घेतली असती."

सेक्रेटरींनी टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडचा तिकडे केला. "ते गेले," ते म्हणाले.

"अरेरे! कधी?"

"झाला की महिना." आणि त्यांनी तलावाच्या किल्ल्या घाईघाईने बाईंच्या हातात कोंबल्या.

आता 'गेले' या शब्दात काय काय मावतं ते मराठी माणसाला सांगायला नको. दुकानात गेला तोही गेला आणि वर गेला तोही गेलाच. बाईंनी चेहरा पाडून जो अर्थ घ्यायचा तो घेतला, आणि सेक्रेटरींनी तो खुशाल घेऊ दिला. फुकटात सुटका होत असेल तर कोण कशाला दुरुस्ती करतो?

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बाई तलावावर पोचल्या. छत असलेला मोठा तलाव, वाफेने आंधळ्या झालेल्या काचा, डोळ्यांना झोंबणारा क्लोरिनचा वास. सहा लेनमध्ये मुलं आधीच पोहत होती. आणि चौथ्या लेनच्या टोकाला, निळं जाकीट घातलेला एक म्हातारा माणूस गळ्यात शिट्टी अडकवून उभा होता. हातात स्टॉपवॉच.

ऑफिसातल्या भिंतीवर बाईंनी काल फोटो पाहिला होता. हाच माणूस. हेच जाकीट.

"आणखी एक!" तो ओरडला. आवाज छताला लागून परत आला.

कोणी मान वर केली नाही. मुलं त्याच्या पायाशी येत, भिंतीला लाथ मारून वळत आणि परत जात. पाणी भरणारा माणूस बादली घेऊन त्याच्या अगदी जवळून गेला, पण त्याने साधी नजरही वळवली नाही. बाई दोन पावलं मागे सरकल्या. पावणेआठला म्हाताऱ्याने पिशवी खांद्याला लावली, दारापाशी थांबला आणि सगळ्या तलावाला उद्देशून म्हणाला, "येतो हं."

एवढ्या माणसांतून 'या' म्हणणारं एकही तोंड निघालं नाही.

चार दिवस बाईंनी चौथ्या लेनकडे पाठ करून काम केलं. आईला फोनवर सांगितलं, "जागा चांगली आहे गं." पाचव्या दिवशी मागून आवाज आला, "पेन आहे का हो तुमच्याकडे?"

बाई वळल्या. पेन देताना त्याची बोटं लागली, तर ती चांगली गरम होती. वर त्याला खोकला आला, आणि खोकल्याच्या गोळीचा वास आला. बाई आयुष्यभर भुतांच्या गोष्टी ऐकत आल्या होत्या, पण गोळी चघळणारं भूत त्यांनी ऐकलं नव्हतं.

"तुम्ही माझ्या असिस्टंट ना?" म्हातारा खुशीत हसला. "तीन वर्षं मागतोय कमिटीकडे. दिली म्हणायची एकदाची!" त्याने वहीत काहीतरी टिपलं आणि पेन स्वतःच्याच खिशाला लावलं.

बाई तरातरा ऑफिसात गेल्या. "अहो, ते जिवंत आहेत!"

"मग मी कुठे नाही म्हणालो?" सेक्रेटरी म्हणाले. "गेले म्हणजे कामावरून गेले. फक्त... त्यांना अजून सांगायचं राहिलंय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अध्यक्ष म्हणाले, सेक्रेटरींनी सांगावं. सेक्रेटरींनी मॅनेजरवर ढकललं. मॅनेजरने पत्र टाइप केलं आणि सहीसाठी अध्यक्षांकडे पाठवलं. ते सही होऊन आलं, तेव्हापासून सेक्रेटरींच्या खणात होतं. तुझ्या गळा, माझ्या गळा, आणि माळ कोणाच्याच गळ्यात नाही.

"सगळ्यांना बजावून ठेवलंय," सेक्रेटरी म्हणाले. "त्यांच्याशी बोलायचं नाही, बघायचं नाही, कोणी आहे असं दाखवायचंच नाही. शहाणा माणूस आहे, आपोआप समजेल."

"आणि नाही समजलं तर?"

"तर तुम्ही सांगा ना. बायकांना जमतं असलं."

बाईंना त्या माणसाच्या डोक्यात पेपरवेट घालावासा वाटला. घातला असता तर पुढचं टळलं असतं असं नाही, पण बरं वाटलं असतं. सांगायचं मात्र त्यांनी मनाशी पक्कं केलं. जिवंत माणसाला उभ्या उभ्या भूत करून ठेवलं होतं, ते त्यांना बघवत नव्हतं.

पण दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "चौथ्या लेनमधली ही पोर बघा, उजव्या बाजूने श्वासच घेत नाही. तिच्यावर लक्ष ठेवा, फार पुढे जाईल." त्यांच्याशी बोलणारं महिन्याभरात कोणीतरी भेटलं होतं, तो आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. बाई मनाशी म्हणाल्या, उद्या सांगू. मग परवा. मग सोमवारी. कमिटीला नावं ठेवता ठेवता त्याही कमिटीतल्याच एक होऊन बसल्या, आणि हे त्यांना कळत होतं.

त्या सोमवारी सर आले नाहीत. सेक्रेटरींनी बाईंना आत बोलावलं. "जुने सर गेले."

"ते ठाऊक आहे मला."

"नाही हो. खरंच गेले. काल दुपारी, घरी, खुर्चीत बसल्या बसल्या." त्यांनी खणातून पत्र काढलं आणि त्याचे चार तुकडे केले. "वाईट झालं. पण आता सांगायचा प्रश्न मिटला."

मंगळवारी पहाटे बाई तलावावर आल्या. काचा तशाच आंधळ्या. चौथ्या लेनच्या टोकाला निळं जाकीट.

"आणखी एक!"

मुलं त्याच्या पायाशी येत होती, वळत होती, परत जात होती. पाणी भरणारा बादली घेऊन शेजारून गेला. कोणी बघत नव्हतं. पण कोणी तर दीड महिना बघत नव्हतंच. यांना तो दिसतोय की नाही हे आता कसं ओळखायचं?

बाई काठावर उकिडव्या बसल्या. चौथ्या लेनमधली मुलगी टोकाशी आली, तेव्हा हळूच विचारलं, "तिथे कोण उभं आहे गं?"

मुलीने गॉगल नीट केला. खाली पाण्यात बघत म्हणाली, "कोणी नाही, मॅडम." मग आणखी हळू, "कोणी नाही म्हणायचं, असं सांगितलंय."

बाई उठल्या. चालत गेल्या आणि सरांच्या समोर उभ्या राहिल्या. आजूबाजूची हवा बर्फासारखी गार होती. खोकल्याच्या गोळीचा वास नव्हता.

"सर," त्या म्हणाल्या, "तुम्ही गेलात."

त्यांनी स्टॉपवॉच थांबवलं. "कधीपासून?"

"पत्राप्रमाणे दीड महिना झाला." बाईंनी डोळे पुसले. "आणि तसे... परवापासून."

सरांनी पाण्याकडे पाहिलं. "तरीच," ते म्हणाले. "तरीच कोणी बोलत नव्हतं. मी आपला रोज विचार करायचो, माझं काय चुकलं?"

"तुमचं नाही हो चुकलं. आमचं चुकलं. मी सांगायला हवं होतं, सर, मला माफ करा." बाई आता सरळ रडत होत्या.

"सांगितलंत ना," सर म्हणाले. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून उडीच्या ठोकळ्याच्या दांडीला अडकवली. खिशाचं पेन काढून बाईंना परत दिलं. ते गारठलेलं होतं. मग पिशवी खांद्याला लावून ते दारापर्यंत गेले आणि सवयीने थांबले.

उभ्या आयुष्यात त्यांनी 'येतो' म्हणूनच निरोप घेतला होता. चांगल्या घरचा माणूस दुसरं काही म्हणतच नाही.

"जातो," सर म्हणाले.

पाण्यातला आवाज थांबला होता. सहाही लेनमधली मुलं टोकाशी येऊन उभी होती आणि सगळ्यांच्या माना दाराकडे वळलेल्या होत्या. चौथ्या लेनमधल्या मुलीने गॉगल कपाळावर चढवला. दीड महिना गिळून ठेवलेला शब्द तिच्या तोंडून आपसूक निघाला.

"या, सर."

बंद होत आलेलं दार जागच्या जागी थांबलं.