नावाड्याचा धडा

विरूपाक्ष सरांना पहिल्या दिवसापासून त्या वहीचा संशय होता.

१९९७ च्या डिसेंबरात इंग्रजीच्या शिक्षकांचं दहा दिवसांचं प्रशिक्षण कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका शाळेत भरलं होतं. विरूपाक्ष सर बावीस वर्षं पेठ वडगावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. शिकवायचं म्हणजे धडा वाचायचा, ओळीओळीचा मराठी अर्थ सांगायचा आणि प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून द्यायची. निकाल बरा लागायचा, त्यामुळे कुणी काही विचारलं नव्हतं. आता पुण्याहून आलेल्या मधुवंती मॅडम सांगत होत्या, ज्यांच्या घरात इंग्रजी नाही त्यांना कथा-कविता शिकवताना आधी अर्थ सांगू नका. प्रश्न विचारा, थांबा, मुलं मराठीत बोलली तरी बोलू द्या. आणि कुणी शिक्षक बोलायला उभा राहिला, की मॅडम मागच्या बाकावर बसून निळ्या वहीत भराभर लिहायच्या.

“यादी असणार,” गडहिंग्लजकडचे मृत्युंजय सर चहा पिताना म्हणाले. “यंदा तुकड्या किती कमी झाल्यात बघा की. अतिरिक्त म्हणून कुणाला काढायचं, ते कुणीतरी ठरवायलाच पायजे. प्रशिक्षण हे नुसतं नावाला हाय.”

ते विरूपाक्ष सरांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. पाचव्या दिवशी मॅडमनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “सर, नोकरी किती राहिली?” विरूपाक्ष सरांनी पोह्यांची बशी अर्धीच खाली ठेवली. सातव्या दिवशी मंगळवार पेठेतल्या एका शाळेत आठवीच्या वर्गावर पाठ घ्यायचा होता. तीस शिक्षकांतून मॅडमनी नेमकं त्यांचंच नाव घेतलं. आता खात्रीच पटली.

गोष्ट मॅडमनीच छापून दिली होती, पानभर इंग्रजी. नदीवर पूल होतो, तरी म्हातारा नावाडी रोज घाटावर नाव आणून उभा राहतो, एवढीच. पाठाच्या आदल्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी विरूपाक्ष सर मंगळवार पेठेत गेले. ओळखीच्या शिक्षकाला सांगून चार हुशार मुलं थांबवून घेतली आणि सहा प्रश्नांची सहा उत्तरं त्यांच्याकडून घोटून घेतली. बावीस वर्षांत तपासणीच्या वेळीसुद्धा त्यांनी असं केलं नव्हतं. परत येताना त्यांना लाज वाटत होती, पण भीती त्याहून मोठी होती.

पाठ झकास चालला. प्रश्न पुरा व्हायच्या आत चार हात वर जात होते. सहावा प्रश्न आला, नावाडी नाव का विकत नाही? पढवलेला मुलगा ताडकन उठला आणि नावेवर त्याचं प्रेम आहे असं इंग्रजीत म्हणून बसला. सर खडू ठेवणार, तोच तिसऱ्या बाकावरून एक मुलगी बोलली.

“तसं न्हाई सर.”

“नाव काय तुझं?”

“भूमिका. आमच्या अज्जाचा टांगा हाय. समदी रिक्षानं जात्यात, तरी त्यो रोज घोडा जुपतोय आन् स्टँडवर जाऊन हुबा ऱ्हातोय. प्रेम-बिम काय न्हाई. त्याला दुसरं कायच येत न्हाई. घरात बसला तर आईला वाटंल, म्हातारा बसून खातोय.”

वर्ग हसला. विरूपाक्ष सरांना हसू आलं नाही. त्याला दुसरं कायच येत न्हाई, हे वाक्य आपल्यालाच कुणी ऐकवलं असं त्यांना वाटलं. ठरलेली उत्तरं संपली होती. मागे मॅडमचं पेन चालू होतं.

“मग नावाडीपण तसाच असंल काय?” त्यांच्या तोंडून गेलं. याचं उत्तर त्यांना खरंच माहीत नव्हतं.

“आसंल की. पण त्याच्या घरात कोण हाय, ते लिवलंय कुठं?”

आणि अख्खा वर्ग त्या इंग्रजी पानावर वाकला, नावाड्याचं घर शोधायला. एक पोरगा ओरडला, “सर, ‘सन’ म्हंजे पोरगा न्हवं? हितं हाय बघा!” घंटा झाली तरी मुलं उठेनात.

वर्ग रिकामा झाल्यावर विरूपाक्ष सर तडक मॅडमकडे गेले. “ती वही बघू.”

मॅडमनी वही पुढे केली. त्यांच्या नावाखाली लिहिलं होतं : सात प्रश्न. सहांची उत्तरं आधीच ठरलेली. सातवा खरा.

“तुम्हाला कळलं होतं तर.”

“प्रश्न संपायच्या आत हात वर होत होते, सर.”

“हे वर जातं काय?”

“अहवाल जातो. त्यात मी नावं लिहीत नाही. पण उद्या कुणी मागितली तर देणार नाही, असं वचन मला देता येणार नाही. नोकरी मलाही आहे.”

उत्तर काही धीर देणारं नव्हतं. पण मॅडमनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही, एवढं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी मान डोलावली आणि बाहेर पडले. मृत्युंजय सरांनी “काय लिवलंय?” म्हणून खोदून खोदून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “मी काय केलं ते लिवलंय.” मृत्युंजय सरांचा विश्वास बसला नाही. उरलेले तीन दिवस ते विरूपाक्ष सरांपासून लांब, वेगळ्या बाकावर बसले.

प्रशिक्षण संपल्यावर सोमवारी वडगावला नववीच्या वर्गात सरांनी धडा वाचला, एक प्रश्न फळ्यावर लिहून विचारला आणि पुस्तक मिटून उभे राहिले. मुलांनी सवयीनं वह्या उघडल्या होत्या. मिनिट गेलं, दुसरं गेलं. मुलं एकमेकांकडे बघू लागली.

“सर, अर्थ सांगा की,” शांभवी नावाची पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

“तू सांग.”

तिनं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. सर आपल्याला कशात तरी पकडू बघतायत, असा भाव चेहऱ्यावर होता. “मार्क कापणार काय?”

“न्हाई.”

“हेडसरांना सांगणार?”

“कुणालाच सांगत न्हाई.”

तरी ती वहीत डोकं घालून बसली. त्या दिवशी कुणीच बोललं नाही. सरांनी अर्थ सांगितला नाही, प्रश्न फळ्यावर तसाच ठेवला आणि मंगळवारी परत विचारला. गुरुवारी शांभवी उभी राहिली, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बोलायला लागली.