बिबवाडीच्या डोंगराचा ठराव

सौदीतल्या तबूक शहराबाहेर वाळवंटात तिथल्या सरकारने रान वसवायला घेतलं होतं आणि त्या रानाचे खड्डे खणायला बिबवाडीचा केरू होता. बाभळीची रोपं लावायची, प्रत्येकाच्या बुडाशी पाण्याची नळी सोडायची, ऊन लागू नये म्हणून वर जाळी घालायची. एखादं रोप वाळलं की फोरमन अदनान असा हळहळायचा, जणू घरातलंच कोणी गेलं. बिबवाडीत बाभूळ कोणी लावत नाही. ती न बोलावता येते आणि हाकलली तरी जात नाही. केरूला पहिल्या वर्षी याचं फार हसू यायचं. पुढे ते थांबलं.

कारण गावचा डोंगर मेला होता आणि तो केरूने मारला होता. दुसरं कोणी असं म्हणत नव्हतं. गाव भला होता. पण केरूला ठाऊक होतं.

डोंगर तसा सरकारी वनाचा. बिबवाडीने बारा वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवून त्याच्यावर गावाचा सामूहिक हक्क मिळवला, आणि त्या झिजवण्यात पुढे केरूच होता. डोंगराचे भाग पाडले होते. दरसाल एकाच भागातला बांबू तोडायचा, बाकीचे राखायचे आणि विक्रीतून शाळेसाठी एक बाई ठेवायच्या. सरकारी गुरुजी चौथीपर्यंत पुरत. पाचवी ते सातवी सगळी बांबूच्या जिवावर चालायची. हे वर्ग नसते तर पुढची शाळा अकरा किलोमीटरवर, मध्ये ओढा, आणि चौथी झालेल्या मुली सरळ शेळ्यांमागे. केरूची बहीण तशीच गेली होती. त्याची पूर्णिमा आता सहावीत होती.

केरू सौदीला आला तरी वन समितीचं अध्यक्षपद त्याच्याकडेच राहिलं. सौदीत असलेल्या माणसाला गावात जरा जास्तच अक्कल असते, असा समज आहे. केरूचाही तो झाला होता. त्याला सुट्टी शुक्रवारी, म्हणून ग्रामसभाही शुक्रवारी. समितीचा सचिव विनय शाळेच्या ओट्यावर डबा उपडा घालून त्याला मोबाइल टेकवायचा, स्पीकर लावायचा, ठराव वाचायचा आणि तीनदा विचारायचा, कोणाची हरकत? दोनदा गावाला, तिसऱ्यांदा अध्यक्षाला. तिन्ही वेळा कोणी बोललं नाही तर ठराव मंजूर. ही रीत केरूनेच घातली होती. बायका हो म्हणायला लाजतात, नाही म्हणायला लाजत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खरंही होतं.

दोन वर्षांपूर्वी डोंगरभर बांबूला फुलोरा आला. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो आणि फुलला की मरतो. व्यापारी म्हणाला, आत्ता तोडाल तर सगळा उचलतो. वाळून कीड लागली की सरपणाचा भाव. केरूने फोनवर फोटो पाहिले. शाळेच्या बाईंचे दोन वर्षांचे पगार एकदम सुटत होते. शुक्रवारच्या सभेत ठराव निघाला, तेवढ्यात त्याची आई, सरूबाई, मोबाइलपाशी येऊन बसली.

"केरू, बी पडू दे खाली. मग तोडा. बी पडल्याबिगर तोडलास तर मागं उगवंल काय?"

"आई, तुला बाजारातलं काय कळतंय? तू गप बस."

सगळ्या गावाने ऐकलं. सरूबाई गप्प बसली. पंधरा दिवसांत डोंगर बोडका झाला. त्यानंतर दोन पावसाळे आले आणि गेले, पण डोंगरावर बांबूचं एक पातं दिसलं नाही. मुळं मेलेली आणि बी व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये गेलेलं, तर उगवणार कुठून? केरूला रोज खड्डा खणताना आईचं ते वाक्य आठवायचं आणि स्वतःचं त्याहून जास्त.

आता पगाराचे पैसेही सरले होते. गुरुवारी पूर्णिमा फोनवर म्हणाली, "बाबा, बाई मे महिन्यानंतर येणार नाहीत. सातवीचं काय?"

"होईल काहीतरी," केरू म्हणाला.

ते काहीतरी शुक्रवारी सकाळी ठरावात आलं. खोलीत वहाब चहा करत होता. हा बिहारचा, केरूच्याच टोळीतला. केरूने खाटेवर बसून फोन कानाला लावला. विनय वाचत होता. खडीच्या कंपनीला डोंगर हवा आहे. वनजमीन असली तरी गावाच्या संमतीशिवाय मिळत नाही. डोंगर ओसाड असल्याचं आणि गावाची ना नसल्याचं लिहून द्यायचं. बदल्यात पाच वर्षं बाईंचा पगार कंपनी देईल. कंपनीचा माणूस कागद घेऊन ओट्यावरच बसला होता.

"कोणाची हरकत?" विनयने विचारलं.

फोनमधून शाळेतल्या पोरांचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता. कोणी बोललं नाही.

"कोणाची हरकत?"

कोणीतरी खोकलं, एवढंच.

"केरूदादा, अध्यक्ष म्हणून तुला विचारतो. हरकत?"

केरूने फोन दुसऱ्या कानाला लावला. ठरावाला नाही म्हणावं तर पूर्णिमा मेनंतर शेळ्यांमागे. हो म्हणावं तर डोंगराच्या पायथ्याचा झरा, आंब्याचा माळ, बापाला पुरलं ती जागा, सगळ्याची खडी. एकदा याच फोनवरून त्याने डोंगर मारला होता. आता पुन्हा त्याच तोंडाने? तो बोलला नाही. आणि खरं सांगायचं तर तो घाबरून गप्प राहिला नव्हता. गप्प राहिलं की ठराव मंजूर होतो हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्याला होकार हवा होता, फक्त स्वतःच्या तोंडून नको होता.

"मंजूर," विनय म्हणाला. खुर्च्या सरकल्या, अंगठ्यासाठी शाईचा पॅड मागितला गेला.

वहाबने चहा पुढे केला. "क्या हुआ? घर पे सब ठीक?"

"हां. खलास," केरू म्हणाला.

चहा संपायच्या आत फोन पुन्हा वाजला.

"केरू, मी बोलतेय."

"बोल, आई."

"ओढ्याच्या अंगाला ती करवंदाची जाळी हाय ना, तिथं बांबूची रोपं आल्यात. लय हायत. हातभर झाल्यात. तिथल्या दोन बेटांना कोयता पोचला नव्हता, त्यांचं बी पडलं. शेळ्या खातील म्हणून मी भोवती काटे घातलेत."

केरू उठून उभा राहिला. "कधी बघितलंस?"

"दिवाळीच्या आधी. थोडं थोडं उपटून वर लावत नेलं तर दहा-बारा वर्षांत डोंगर भरंल. माझ्या डोळ्यांदेखत नाय, पण भरंल."

"अगं, मग आत्ता सभेत का नाही बोललीस? विनयला दे, फोन दे त्याला."

विनय आला. "दादा, कागद घेऊन साहेब गेला. गाडी ओढ्यापल्याड पोचली असेल. आणि आता काय सांगायचं त्याला? तिसऱ्यांदा तुलाच विचारलं होतं की."

फोन पुन्हा सरूबाईच्या हातात गेला.

"आई, का नाही बोललीस?"

"मागल्या वेळी तू गप बस म्हणालास," सरूबाई म्हणाली. "म्हटलं, आधी केरू बोलंल, मग मी सांगेन. मला वाटलं, तू नाय म्हणशील."