कोळशाच्या इस्त्रीचा जळफळाट

मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे, मित्रांनो, आणि खरं सांगते, फार हेवेखोर आहे.

कारखान्यात मला ओतलं, वर लाकडी मूठ बसवली आणि आमच्या मालकांनी मला विकत घेतलं. वीस वर्षं मी साऱ्या गल्लीचे कपडे कडक केले. "घडी असावी तर अशी!" असं लोक म्हणायचे. मालकांच्या लेकीनं माझ्याशेजारी बसूनच अक्षरं गिरवली. काम संपलं की भिंतीवरची फळी माझी असे.

मग घरात ती पिवळी फाइल आली! लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, पण फी परवडणारी नव्हती. गरजू मुलांना सरकार कमी व्याजानं कर्ज देतं, त्याचे कागद तिच्यात होते. लगेच माझी फळी तिला आणि मी खाली कोळशाच्या पोत्यापाशी. मालक हात धुऊन, पुसून तिला उचलायचे. माझे कधी असे लाड झाले होते का? माझा नुसता तिळपापड झाला.

एकदा अर्ज परत आला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या! साहेबांपुढे कमीपणा नको म्हणून मालकांनी उत्पन्न दुप्पट लिहिलं होतं.

"बाबा, ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठीच आहे ना हे? तिथं कसला मोठेपणा?" लेक रडत म्हणाली.

"लाज वाटली गं पोरी," मालक म्हणाले.

त्यांनी दुसरा अर्ज भरला, त्यावर साहेबांची सही आणली. पण खिशात कोंबल्यानं तो पार चुरगळला, आणि दुसऱ्या दिवशी शेवटची मुदत.

"इस्त्रीवाल्याचा कागद असा? छे!" मालकांनी माझ्यात निखारे भरले आणि कागद माझ्यापुढे पसरला. आता सापडलीस फाइलबाई, म्हटलं. एक ठिणगी उडाली की हिचा निकाल!

तेवढ्यात लेकीनं अर्ज शेवटचा वाचून पाहिला. "मालमत्ता: कोळशाची इस्त्री, एक. बाकी काही नाही."

मी गारच पडले. जिच्यावर मी इतकी जळत होते, तिच्यात माझंच नाव होतं! एकही ठिणगी मी बाहेर पडू दिली नाही. कागद कसा कोरा करकरीत झाला.

कर्ज मिळालं. लेक नर्स झाली, आता हप्ते स्वतःच्या पगारातून भरते. तिनं बाबांना विजेची इस्त्री आणली. तीच आता फळीवर बसते, आणि हो, तिचाही मला राग येतो! पण सुट्टीत घरी आली की लेक माझा गंज काढते आणि आपला पांढरा गणवेश माझ्याकडूनच कडक करून घेते.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू अधूनमधून पुसत जा. आणि अर्जात आमचं नाव लिहायला कधी लाजू नका.