दुधाच्या गाडीतली डॉक्टरीण

दुष्काळात पाटोद्याकडच्या त्या गावात जनावरांची बडदास्त मोठी होती. दूध संस्थेनं छावणी काढलेली. चारा तोंडाशी, कानात बिल्ला, गुरांचा डॉक्टर रोज हजर. साखराबाईचा नवरा धुळाजी मात्र दुर्दैवानं माणूस होता.

दहा वर्षं उसाच्या मोळ्या वाहून त्याची कंबर गेली. दुकानदारानं मायेनं दुखण्यावरची गोळी दिली. एकीच्या दहा झाल्या. नाही मिळाली की घाम फुटायचा, हातपाय ओढायचे, उलट्या व्हायच्या. त्या उन्हाळ्यात असल्या गोळ्यांनी तालुक्यात चार माणसं गेली, तेव्हा सरकारला जाग आली. नशामुक्तीची फेरी निघाली, फलक लागला, गावानं शपथ घेतली. शपथेनं धुळाजीला गुण काही आला नाही.

ही सवय सोडवायचं औषध होतं, पण बीडला. जिभेखाली ठेवायची गोळी, रोज, डॉक्टरसमोर. जायला एक एसटी, यायला नशीब. पाचव्या दिवशी धुळाजी थांब्यावरच कोसळला.

बीडची डॉक्टर शिवकन्या म्हणाली, "मावशी, मी येईन गावात. पण गाडी मंजूर होत नाही."

साखराबाईनं छावणीत चेअरमन बद्रीनाथला गाठलं.

"अण्णा, दुधाची गाडी बीडहून रिकामी येती. डॉक्टरीणबाईला आणा की तिच्यात."

"संस्था जनावरांसाठी हाय, वहिनी. अन् आपल्या गावात नशेडी हायतच कुठं?"

"मग ह्यांच्या कानात बिल्ला मारा. बैल म्हणून नोंदवा. लई गरीब हायेत, चाराबी कमी खातेत."

छावणी खदखदून हसली. बद्रीनाथ हसला नाही. संस्थेची निवडणूक दोन महिन्यांवर होती, म्हणून त्याच्या मनात भूतदया जागी झाली.

पहिल्या दिवशी शिवकन्या गाडीतून उतरली, तर लिंबाखाली अकरा जण. रांगेच्या शेवटी तोंडाला उपरणं गुंडाळून बद्रीनाथचा सख्खा भाऊ राधाकिशन. बद्रीनाथनं त्याला पाहिलं, आणि स्वतः पाण्याचा माठ आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी माठाशेजारी त्याच्या फोटोचा फलकही आला.

तिसऱ्या महिन्यात धुळाजी नारायणगडच्या यात्रेत पुन्हा त्या जुन्या गोळ्यांकडं घसरला. साखराबाईनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि सकाळी त्याला हाताला धरून लिंबाखाली आणलं.

"रागावणार का, बाई?" त्यानं खाली मान घालून विचारलं.

"आलात ना? बसा," शिवकन्या म्हणाली.

दिवाळीनंतर तो चार शेरडं घेऊन माळावर जाऊ लागला. कंबर दुखतेच. दुखली की दुकानाकडं न वळता बांधावर टेकतो, आणि साखराबाई लांबूनच त्याला हाक मारते.